काच घालू की जाळी?

सोलापूर

प्रिय विन्या,

तब्येत ठीक, शुगर ताब्यात, गुडघा तसाच. पत्र टाकीतल्या झेब्रा सिक्लिड माशांच्या जोडीसाठी लिहितोय. घरात सांगायला जावं तर "मासेच आहेत ते" एवढंच ऐकू येतं.

मादीनं मडक्यात अंडी घातली, तिसऱ्या दिवशी फुटली, आणि आता पिल्लं टाकीभर पोहतायत. ती वाळूवर टेकते, परांची फडफड करून गाळ उडवते, आणि वर आलेल्या कणांवर पिल्लं तुटून पडतात. संध्याकाळ झाली की एकेकाला तोंडात धरून मडक्यात नेऊन थुंकते. सुमी बघत राहिली आणि तव्यावरची पोळी करपली!

नरही आधी राखणीत कमी नव्हता. टाकीतल्या फायरमाउथ माशानं लालभडक गळा दाखवून गलफडं फुगवली, तरी यानं त्याला फिल्टरमागे कोंबला. (फायरमाउथ म्हणजे आपले पीटीचे सर, नुसता आव.) पण आता तो मादीच्याच मागे लागलाय. त्याला पुन्हा अंडी हवीत, तिच्याच्यानं ही पिल्लं सोडवत नाहीत. तिची शेपटी पार चिरफळलीय. ग्वाटेमालाच्या एखाद्या ओढ्यात ती दगडाआड निसटली असती. माझ्या चार फुटी टाकीत जाणार कुठे?

तू म्हणशील, दोघांच्या मधे काच घाल. होस्टेलवरच्या जोडीत तू घातलीच होतीस. काच काढल्यावर त्यांची ओळख राहिली नव्हती, म्हणून त्यानं तिला मारलं, हे मी तेव्हाही म्हणत होतो. तू खापर फोडलंस बोअरच्या जड, क्षारांच्या पाण्यावर! अरे, यांच्या मध्य अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी पाणी जड असतं, यांना ते मानवतं. या मुद्द्यावर मी मरेपर्यंत भांडेन.

मला जाळी बरी वाटते. दोघं एकमेकांना दिसत राहतील, जोडी तुटणार नाही. पण पिल्लं इतकी बारीक की जाळीतून पलीकडे जाणारच, आणि अंड्यांच्या मागे लागलेला नर आपलीच पिल्लं खातो. रात्री दिवा लावून बघत बसतो, आणि पुन्हा तिथेच येतो.

दुकानदार म्हणतो, पिल्लं जास्त झाली तर संभाजी तलावात सोडा. मी त्याला चांगलाच झापला. ऑस्ट्रेलियात एका वीजकेंद्राच्या कोमट तलावात हेच मासे सुटून वाढले. आपल्याकडे तर पाणी बाराही महिने कोमट, मग इथल्या माशांनी जायचं कुठे? एकही पिल्लू मी बाहेर सोडणार नाही, सगळ्यांना घरं शोधीन. दोन-तीन तुझ्या गळ्यात मारणारच आहे.

चिंगीचं लग्न ठरलं, फार बरं वाटलं, तारीख कळव. नवं घर लागलं का? काकूंना नमस्कार.

जाळीचं मात्र आधी सांग, आणि लिहून सांग. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तुझा,
बंड्या