केमोला न जुमानणारी गाठ

पुतण्याच्या गुडघ्याजवळची सूज आम्ही ‘क्रिकेट खेळताना लागलं असेल’ म्हणत तीन महिने तेलाने चोळत बसलो. निघाला ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कर्करोग! यात सहसा आधी केमो, मग शस्त्रक्रिया. काढलेल्या हाडातली किमान 90 टक्के गाठ मेलेली दिसली, तर औषध चांगलं लागू पडलं असं धरतात. त्याच्या अहवालात आकडा होता 60. ‘मग औषधं वाढवा की,’ मी डॉक्टरांना म्हटलं. पण युरामॉस या आंतरराष्ट्रीय चाचणीत नेमकं तेच करून झालंय. 2016 साली निकाल छापून आला. जादा औषधांनी फायदा नाही, त्रास मात्र वाढला. मुख्य औषधं आजही काही दशकांपूर्वीचीच. रुग्ण थोडे, म्हणून कंपन्यांना घाई नसावी. निदान सरकारी संशोधन निधीत तरी या मुलांचा वाटा असावा.

– एक वाचक, सातारा