मन्या, बल्ब नंतर बदल

कोथरूड, पुणे
शुक्रवार, रात्री साडेदहा

प्रिय मन्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "मोटरसायकलच्या हेडलाइटला कुठला एलईडी टाकू तेवढं एका वाक्यात सांग," आणि मी विषय बदलला. राग मानू नकोस. नाव सांगितलं असतं तर तू दुसऱ्याच दिवशी बल्ब बदलून मोकळा झाला असतास, आणि नेमकं तेच मला नको होतं. म्हणून आज सविस्तर लिहायला बसलोय.

मागच्या पावसाळ्यात मी तेच करून बसलो होतो. ताम्हिणीतून रात्री परतताना रस्ता दिसायचा नाही. ओलं डांबर सगळा उजेड पिऊन टाकतं, खड्डा चाकाखाली आल्यावरच कळतो. वैतागून नाना पेठेत गेलो, पांढराशुभ्र एलईडी बल्ब आणला आणि हॅलोजनच्या जागी बसवला. दहा मिनिटांचं काम. पार्किंगमध्ये लावून बघितला तर समोरची भिंत दिवसासारखी उजळली. मी खूश.

आठवड्याभरात पहाटे माणगावला निघालो. पौडच्या पुढे अजून काळोख होता. समोरून एक काका मोपेडला दुधाच्या किटल्या अडकवून येत होते. मी डिपरवरच, म्हणजे खालच्या झोतावर होतो, अपरवर नाही, हे मुद्दाम सांगतो. त्यांनी एक हात डोळ्यांवर धरला, गाडी हेलकावली आणि साइडपट्टीवरून घसरून चरात गेली. मी गाडी वळवून धावत गेलो. नशिबाने फक्त गुडघा खरचटला होता, पण एक किटली सांडली होती, गवतातून दूध वाहत होतं. मला वाटलं शिव्या देतील. ते एवढंच म्हणाले, "अवो, रस्ताच दिसंना झाला मला." दुधाचे पैसे घेतले नाहीत, मी जबरदस्तीने खिशात कोंबले. ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

त्याच संध्याकाळी तो बल्ब काढला आणि जुना हॅलोजन हातात घेऊन नीट बघितला. तूही बघ. आपल्या गाडीला एच-फोर प्रकारचा बल्ब आहे, ६०/५५ वॅटचा, म्हणजे अपरला ६० आणि डिपरला ५५. काचेच्या आत दोन बारीक स्प्रिंगा दिसतील. मागची अपरची, पुढची डिपरची. डिपरच्या स्प्रिंगेखाली पत्र्याची नखाएवढी वाटी आहे. सगळी मेख त्या वाटीत आहे. ती खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून डिपरवर रिफ्लेक्टरचा फक्त वरचा अर्धा भाग उजळतो आणि झोत खाली रस्त्यावर पडतो, समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. रिफ्लेक्टरचा आकार त्या स्प्रिंगेची जागा धरूनच बनवलेला असतो. एलईडीची चिप त्या जागेपासून जराशी जरी सरकली किंवा जाडीने वेगळी असली, तरी झोत फाटतो. थोडा रस्त्यावर, थोडा झाडांवर, उरलेला त्या काकांच्या डोळ्यांत. भिंत उजळलेली दिसते ती म्हणूनच. आणि तुझी गाडी २०१९ ची. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांना दिवा कायम चालू ठेवणं सक्तीचं आहे, त्यामुळे तुला बंद करायचं बटणही नाही.

मग अंधाराचं काय? माझ्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या वायरमनने मला सांगितलं, "बल्बला शिव्या देण्याआधी त्याला पोटभर करंट मिळतोय का ते बघा." मल्टिमीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट, आणि बल्बच्या होल्डरवर १२.१! मधले १.७ व्होल्ट बारीक वायरीत, हँडलवरच्या बटणात आणि किटलेल्या कनेक्टरांत गरम होऊन वाया जात होते. ऐकायला हे फार वाटत नाही, पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या कितीतरी पट वेगाने पडतो. दहा टक्के व्होल्टेज कमी झालं की जवळजवळ तीस टक्के उजेड जातो. म्हणजे माझा एक तृतीयांशाहून जास्त दिवा वायरीतच जळत होता, आणि मी दोष बल्बला देत होतो.

उपाय रिलेचा, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या छोट्या स्विचचा. हँडलवरच्या बटणाने फक्त रिले चालू करायचा, बल्बचा खरा करंट बॅटरीवरून सरळ जाड वायरीने न्यायचा. अपरला एक, डिपरला एक, असे दोन रिले. रिलेवर आकडे कोरलेले असतात: ३० ला बॅटरीचा प्लस, ८७ वरून बल्ब, ८५-८६ वर बटणाकडून येणारी जुनी वायर आणि अर्थ. बॅटरीजवळ, अगदी वीतभर अंतरात, १५ अँपिअरचा फ्यूज टाकच. हा फ्यूज विसरून कुणी वायर ओढली तर त्याच्याकडून काम करून घेऊ नको, कारण पुढे ती वायर कुठे घासली तर आग लागते. अर्थही चासीला न देता बॅटरीच्या मायनसपर्यंत ने. प्लास्टिकचा होल्डर काढून सिरॅमिकचा घाल. आणि नवा बल्ब बसवताना काचेला बोट लावू नको. बोटाचं तेल राहिलं की काच तिथेच तापते आणि बल्ब लवकर जातो. मी टिश्यू पेपरने धरतो.

हे झाल्यावर होल्डरवर १३.५ मिळाले. बल्ब तोच, साधा, ६०/५५ चा. त्या रात्री पिरंगुटच्या पुढे गाडी काढली आणि रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी लांबवर दिसली तेव्हा खरंच गळा दाटून आला. दुकानदार १००/९० चा बल्ब गळ्यात मारायला बघेल, घेऊ नको. होल्डर वितळतो आणि समोरच्याला त्रास तोच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच कुणी करत नाही: फोकस. तू टूरला जातोस तेव्हा मागे वहिनी, दोन साइड बॅगा, वर तंबू. मागचा सस्पेन्शन बसतो, गाडीचं नाक वर होतं आणि हेडलाइट झाडांवर पडतो. रिकाम्या गाडीवर केलेला फोकस टूरला काही कामाचा नाही. आमच्या पार्किंगच्या भिंतीपासून मी गाडी २५ फुटांवर उभी केली, सपाट जागी, टायरची हवा तपासून. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखली. बायकोला मागे बसवलं, बॅगा भरून लावल्या, स्वतः बसलो, आणि डिपरच्या झोताची वरची कड त्या रेघेच्या दोन बोटं खाली येईपर्यंत मित्राला स्क्रू फिरवायला लावला. आधी कड कुठे होती माहीत आहे? रेघेच्या वर हातभर! सामान जास्त असेल तर मागचा प्रीलोड, म्हणजे मागच्या स्प्रिंगेचा ताण, एखाद-दोन खाचा वाढव, अर्धं काम तिथेच होतं.

घाटातली एक अडचण मात्र याने सुटत नाही. वळणावर गाडी कलली की झोतही तिच्याबरोबर कलतो, आणि ज्या बाजूला आपण वळतोय तीच बाजू काळी पडते. कठडा कुठे, दगड कुठे, समजत नाही. त्यासाठी क्रॅश गार्डवर खाली दोन छोटे पिवळे फॉग लॅम्प लावले आहेत, रुंद आणि चपटा झोत पडणारे, वेगळा रिले, वेगळं बटण. धुक्यात नि पावसात पिवळा डोळ्यांना बरा वाटतो, पांढऱ्याने समोर पडदा धरल्यासारखं होतं. दोन्ही मिळून ४० वॅट, तेवढं आपल्या गाडीला पेलतं. समोरून कुणी आलं की माझा अंगठा आधी त्या बटणावर जातो.

परदेशातून पूर्ण हेडलाइट मागवायचा विचार असेल तर सोडून दे. उजवीकडून गाडी चालवणाऱ्या देशांसाठी बनवलेल्या दिव्याचा झोत उजव्या बाजूला वर चढतो, म्हणजे इथे बरोबर समोरच्याच्या तोंडावर. आणि हेल्मेटची काच बदल रे. तुझी ती ओरखडे पडलेली काच मी पाहिली आहे. तिच्यातून समोरचा एक दिवा चांदणीसारखा पसरतो.

तर दिवाळीनंतर श्रीवर्धनला निघायच्या आधी एक शनिवार इकडे काढ. रिलेचं सामान मी आणून ठेवतो, वायरमनकाकांनाही सांगितलं आहे. भिंतीवरची खडूची रेघ पुसू नका म्हणून वॉचमनला बजावलंय. तुझी गाडी माझ्यापेक्षा थोडी उंच, तिच्यासाठी शेजारी दुसरी आखू. येताना बॅगा भरूनच ये आणि वहिनींना सोबत आण. रिकामी गाडी आणलीस तर काही उपयोग नाही.

तुझा,
अन्या