मॅरियन अँडरसन : त्या एका दुपारीपलीकडची गायिका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकी कृष्णवर्णीय गायिका मॅरियन अँडरसन यांच्यावर आलेला लेख वाचला. त्यांच्याविषयी मराठीत क्वचितच काही छापून येतं, त्यामुळे लेख पाहून मनापासून आनंद झाला. पण त्याचा बहुतेक भाग ९ एप्रिल १९३९ ला त्या वॉशिंग्टनच्या लिंकन स्मारकावर गायल्या त्या एका दुपारीवरच खर्ची पडला आहे, आणि त्या दुपारीची हकिगतही थोडी एकांगी झाली आहे. म्हणून हे पत्र.

वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलने अँडरसन यांना गाऊ दिलं नाही, म्हणून अध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट यांनी त्यांचं गाणं लिंकन स्मारकावर ठेवलं, असं लेखात म्हटलं आहे. एलेनॉरबाईंनी केलं ते कमी मोलाचं नव्हतं. हॉल ज्यांच्या मालकीचा होता त्या 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन' या, स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्यांच्या वंशज स्त्रियांच्या, संस्थेच्या सदस्यत्वाचा त्यांनी राजीनामा दिला आणि आपल्या रोजच्या स्तंभात तसं लिहिलं. त्यामुळे गावातलं प्रकरण देशभर गाजलं. पण कार्यक्रम मुळात ठेवला होता तो कृष्णवर्णीयांच्या हॉवर्ड विद्यापीठाने. हॉलच्या करारातच 'फक्त गोरे कलाकार' असं कलम होतं. विद्यापीठाने मग शिक्षण मंडळाकडे गोऱ्या मुलांच्या सेंट्रल हायस्कूलचं सभागृह मागितलं, तर तिथेही नकार! ही गोष्ट नेहमी सांगायची राहून जाते. खाजगी संस्थेला नावं ठेवणं सोपं असतं, पण हे मंडळ तर सरकारी होतं आणि करदात्यांच्या पैशावर चालत होतं. त्याविरुद्ध शहरातल्या नागरिकांनी समिती काढली, सह्या गोळा केल्या, निदर्शनं केली. उघड्यावर गाणं व्हावं यासाठी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या 'एनएएसीपी' या संघटनेचे वॉल्टर व्हाइट आणि अँडरसन यांचे व्यवस्थापक सोल ह्युरोक यांनी खटपट केली, तर स्मारकाची जागा दिली ती सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या अंतर्गत खात्याचे मंत्री हॅरल्ड इकीज यांनी. एलेनॉरबाई त्या दिवशी तिथे नव्हत्याही. ही सगळी माणसं वगळली की एका थोर गोऱ्या बाईने एका गरीब बिचाऱ्या गायिकेवर उपकार केले, एवढंच वाचकाच्या हाती लागतं.

बिचाऱ्या तर अँडरसन मुळीच नव्हत्या. १९३९ मध्ये त्या ४२ वर्षांच्या होत्या आणि युरोपातली मोठमोठी सभागृहं गाजवून आल्या होत्या. तरीही आदल्या रात्री त्यांनी ह्युरोक यांना फोन करून विचारलं, हे खरंच करायलाच हवं का? हे वाचलं तेव्हा मला त्या फार जवळच्या वाटल्या. त्यांना गायचं होतं, लढ्याचं निशाण व्हायचं नव्हतं. पण आपली इच्छा असो वा नसो, आता आपण आपल्या लोकांचं प्रतीक झालो आहोत, हे त्यांनी ओळखलं होतं, आणि पुढे आत्मचरित्रात तसं लिहिलंही. ईस्टरच्या त्या रविवारी थंडी होती. अंगात फरचा कोट, समोर मायक्रोफोनची रांग आणि त्यापलीकडे ७५,००० माणसं, काळी-गोरी एकमेकांत मिसळून उभी. याच स्मारकाच्या १९२२ मधल्या उद्घाटनाला काळ्या पाहुण्यांना वेगळं बसवलं होतं. पियानोवर फिनलंडचे कोस्ती वेहानेन होते. देशगीत झालं, डोनिझेत्तीच्या ऑपेरातलं एक गाणं झालं, मग शूबर्टचं 'आवे मारिया', आणि त्यानंतर गुलामगिरीच्या काळापासून चालत आलेली भक्तिगीतं, ज्यांना तिकडे 'स्पिरिच्युअल' म्हणतात. या कार्यक्रमाची चित्रफीत आजही पाहता येते. त्या डोळे मिटून गातात.

आता माझा खरा मुद्दा. हा आवाज घडला कसा, याबद्दल लेखात दोन ओळीसुद्धा नाहीत.

अँडरसन यांचा जन्म १८९७ चा, फिलाडेल्फियाचा. वडील बाजारात बर्फ आणि कोळसा विकायचे. कामावर असताना डोक्याला मार लागला आणि त्यातच ते गेले. मॅरियन तेव्हा १२ वर्षांच्या होत्या. आई व्हर्जिनियात शिक्षिका होती, पण फिलाडेल्फियात तिला ते काम मिळालं नाही. तिने लोकांचे कपडे धुतले, दुकानातल्या फरश्या पुसल्या. पुढे मॅरियन यांच्या हाती बऱ्यापैकी पैसे येऊ लागले तेव्हा त्यांनी त्या दुकानात फोन करून सांगितलं, आई आता कामाला येणार नाही. आयुष्यातला सर्वांत आनंदाचा क्षण कोणता, असं कुणी विचारलं की त्या हाच सांगत. थोर वाद्यवृंद-संचालक टोस्कानिनींची शाबासकी नाही आणि लिंकन स्मारकही नाही.

गाणं सुरू झालं ते युनियन बॅप्टिस्ट चर्चमध्ये, वयाच्या सहाव्या वर्षापासून. गायकवृंदातलं कुणी आलं नाही की त्याचा भाग ही मुलगी गायची, मग तो उंच पट्टीतला असो की पुरुषांच्या खालच्या पट्टीतला. संगीत शाळेत प्रवेशाचा अर्ज घ्यायला त्या गेल्या तेव्हाचा प्रसंग त्यांनी स्वतः सांगितला आहे. त्या रांगेत उभ्या होत्या. खिडकीमागची मुलगी त्यांच्या मागच्यांनाही पुढे बोलवत राहिली. सगळ्यांचं काम उरकलं तेव्हा ती म्हणाली, 'आम्ही काळ्यांना घेत नाही.' पुढच्या शिकवणीचे पैसे उभे केले ते चर्चच्या मंडळींनी, एकेक नाणं जमवून. ज्युसेप्पे बोगेत्ती या शिक्षकांकडे त्यांची तालीम झाली ती याच पैशांवर. शिष्यवृत्ती आणि राष्ट्राध्यक्षांची पदकं फार नंतरची.

१९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमधला कार्यक्रम पडला. खुर्च्या रिकाम्या राहिल्या. जर्मन गाणी त्यांनी नुसती पाठ केलेली आहेत, अर्थ गळ्यात उतरलेला नाही, असं समीक्षकांनी लिहिलं. त्या कोसळल्या, कित्येक महिने गायल्याच नाहीत. इथे वर्णद्वेषाचं कारण पुढे करता आलं असतं, आणि ते सर्वस्वी खोटंही ठरलं नसतं. पण टीकेत तथ्य आहे हे त्यांना पटलं. जर्मन शिकायची तर जर्मनीतच राहून, असं त्यांनी ठरवलं आणि १९३० मध्ये रोझेनवाल्ड निधीची शिष्यवृत्ती मिळाल्यावर बर्लिन गाठलं. तिथून स्कँडिनेव्हिया. फिनलंडमध्ये सिबेलियस यांच्या घरी गायल्या तेव्हा त्या वृद्ध संगीतकाराने 'माझ्या घराचं छप्पर तुमच्या आवाजाला ठेंगणं आहे' अशी दाद दिली आणि कॉफीऐवजी शॅम्पेन आणायला सांगितली. १९३५ मध्ये साल्झबुर्गच्या अधिकृत महोत्सवात त्यांना जागा मिळाली नाही (युरोपही धुतल्या तांदळासारखा नव्हता, हे विसरू नये). मग त्या महोत्सवाबाहेर गायल्या. श्रोत्यांत टोस्कानिनी होते. असा आवाज शंभर वर्षांतून एकदाच ऐकायला मिळतो, हे त्यांचे उद्गार तेव्हाचेच.

त्या आवाजात काय होतं? अँडरसन 'कॉन्ट्राल्टो' होत्या, म्हणजे स्त्रीच्या आवाजातली सर्वांत खालची जात. खालचे स्वर गडद, भरदार आणि तरीही स्वच्छ. शूबर्टचं 'एर्लक्योनिग' त्यांच्याकडून ऐकावं. रात्री घोड्यावरून आजारी मुलाला घेऊन निघालेला बाप, घाबरलेलं मूल, त्याला भुलवणारा पिशाच्चांचा राजा आणि हे सगळं सांगणारा निवेदक, अशी चार पात्रं एकाच गळ्यातून काढायची असतात. मुलासाठी त्यांचा आवाज पातळ आणि भेदरलेला होतो, बापासाठी खाली उतरतो आणि राजासाठी गोड होतो, अंगावर काटा यावा इतका गोड. यात कुठेही हातवारे नाहीत. उभ्या राहून, बहुधा डोळे मिटून, सगळं गळ्यातूनच. ज्या बाईला एका गाण्यात चार माणसं उभी करता येतात तिला १९५५ पर्यंत ऑपेराच्या रंगमंचावर एकही भूमिका मिळू नये, ही मला कॉन्स्टिट्यूशन हॉलच्या नकाराइतकीच, खरं तर त्याहून मोठी, हानी वाटते.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराची दारं त्यांना उघडली ती ७ जानेवारी १९५५ ला. तिथले व्यवस्थापक रुडॉल्फ बिंग यांनी त्यांना व्हेर्दीच्या 'उन बालो इन मास्केरा'मधली भविष्य सांगणाऱ्या युल्रिकाची भूमिका दिली. १८८३ मध्ये सुरू झालेल्या त्या संस्थेत नामनिर्देश असलेली भूमिका करणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय गायिका. तिच्या प्रवेशाचा पडदा वर जातो तेव्हा युल्रिका रंगमंचावर असतेच. गाणं सुरू होण्याआधीच टाळ्यांचा असा कडकडाट झाला की त्या थरथरू लागल्या, सुरुवातीच्या स्वरांत तो कंप राहिला, हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे. प्रेक्षकांत आई बसली होती. वय ५७. आवाजाचा बहर ओसरलेला, आणि भूमिका एका प्रवेशापुरती. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी हा देशाचा विजय म्हणून साजरा केला. काळ्या गायकांसाठी वाट मोकळी झाली हे खरंच. काही आठवड्यांतच रॉबर्ट मॅकफेरिन तिथे गायले, १९६१ मध्ये लिओंटिन प्राइस आल्या. पण अँडरसन यांची स्वतःची वीस वर्षं परत कोण देणार? त्यांचा पिंड ऑपेराचा नव्हताच, असं काही जाणकार म्हणतात. रशियात नामवंत नाट्यदिग्दर्शक स्टॅनिस्लाव्हस्की यांनी त्यांना 'कार्मेन' या ऑपेरासाठी तयार करण्याची इच्छा दाखवली होती आणि त्यांनी ती संधी घेतली नाही, हेही खरं. तरी घ्यायचं की सोडायचं हे गायिकेने ठरवायचं असतं, आणि मायदेशी तो प्रश्न त्यांना कुणी वेळेत विचारलाच नाही.

दक्षिणेतल्या दौऱ्यांबद्दलही लिहायला हवं होतं. आगगाडीत काळ्यांचा वेगळा, घाणेरडा डबा. हॉटेलात खोली नाही. १९३७ मध्ये उत्तरेकडच्या प्रिन्स्टनमध्येसुद्धा खोली नाकारली गेली, तेव्हा आइन्स्टाइन यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं. त्या सोबत इस्त्री बाळगत, गाण्याचे पोशाख स्वतःच ठाकठीक करत. काळ्या श्रोत्यांना मागे किंवा गच्चीवर न ढकलता पहिल्या रांगेपासून शेवटपर्यंत प्रत्येक भागात जागा मिळाव्यात, अशी त्यांची अट असे. एवढ्यावर का थांबता, असं त्यांच्याच समाजातले काही जण विचारत, आणि तो प्रश्न रास्त होता. १९५० नंतर वर्णभेद पाळणाऱ्या सभागृहात गायचंच नाही, असं त्यांनी ठरवलं.

आपल्या वाचकांना जवळची वाटेल अशी एक गोष्टही लेखात राहिली. १९५७ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने त्यांना आशियाच्या दौऱ्यावर पाठवलं, तेव्हा दिल्लीत गांधीजींच्या स्मारकापाशी त्या 'लीड, काइंडली लाइट' हे गांधीजींचं आवडतं प्रार्थनागीत गायल्या. त्याच वर्षी अर्कान्सॉमधल्या लिटल रॉकच्या शाळेत नऊ काळ्या मुलांना सैन्याच्या पहाऱ्यात आत न्यावं लागलं होतं. परदेशात त्यांना याबद्दल प्रश्न विचारले जात आणि त्यांना उत्तरं द्यावी लागत.

संपादक महोदय, माझी विनंती अशी की पुरवणीत संगीताच्या पानावर अँडरसन यांच्या ध्वनिमुद्रणांविषयी एक स्वतंत्र लेख द्यावा, आणि तो पाश्चात्त्य संगीत जाणणाऱ्या एखाद्या गायकाकडून किंवा शिक्षकाकडून लिहून घ्यावा. तोवर ज्यांना उत्सुकता वाटेल त्यांनी १९५५ चं ऑपेराचं ध्वनिमुद्रण आधी ऐकू नये. पिएर मोंतो यांच्या संचालनाखाली १९४५ मध्ये ध्वनिमुद्रित केलेली ब्राम्सची 'आल्टो ऱ्हॅप्सडी' ही रचना ऐकावी, मग शूबर्टची गाणी आणि सरतेशेवटी स्पिरिच्युअल. इंटरनेटवर हे सगळं सहज सापडतं.

कळावे,
आपली एक नियमित वाचक,
पुणे