निवासी डॉक्टरांचे समुपदेशन महाविद्यालयाच्या भिंतीबाहेर हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांसाठी समुपदेशनाची सोय आहे का, असे विचारले तर बहुतेक ठिकाणी ‘आहे’ असेच उत्तर मिळते. त्या कक्षाची पायरी किती निवासी डॉक्टर, म्हणजे रुग्णालयात काम करतच पदव्युत्तर शिक्षण घेणारे डॉक्टर, चढतात आणि बाकीचे का चढत नाहीत, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. शासकीय रुग्णालयांत ३२ वर्षे आधी परिचारिका आणि पुढे परिसेविका (वॉर्डची प्रमुख परिचारिका) म्हणून नोकरी करून मी निवृत्त झाले व आता सोलापुरात राहते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी वॉर्डात पाहिले आहे, म्हणून हे पत्र.

बदल्यांच्या ओघात मी ज्या रुग्णालयात होते त्याचे नाव येथे लिहिण्याचे कारण नाही. त्या दिवशी मेडिसिनच्या आमच्या युनिटचा इमर्जन्सी डे, म्हणजे तातडीचे रुग्ण दाखल करून घेण्याचा दिवस, होता. रात्री तीनच्या सुमारास चादरी काढायला मी लिननच्या खोलीत गेले, तर पहिल्या वर्षाचा एक निवासी डॉक्टर गाठोड्यांवर बसून रडत होता. हातात रक्ताच्या नमुन्यांच्या ट्यूब तशाच होत्या. मला पाहून तो गडबडीने उठला आणि म्हणाला, “सिस्टर, पाच मिनिटं फक्त. कुणाला सांगू नका.” आदल्या सकाळी आठपासून तो कामावर होता. तासाभरापूर्वी त्याने लिहिलेली इन्सुलिनची ऑर्डर मी त्याच्याकडून दुरुस्त करून घेतली होती. चार युनिट लिहिताना चारापुढचा इंग्रजी ‘यू’ त्याने असा काढला होता की तो शून्य वाटावा, आणि ड्यूटीवरची नवी मुलगी चाळीस युनिट भरायला निघाली होती. चूक वेळीच सापडली, पेशंटला काही झाले नाही. पण त्याच्या मनातून ती गेली नाही. सकाळच्या राउंडला पेशंटच्या नातेवाइकांदेखत त्याला जे ऐकून घ्यावे लागले, ते मी येथे लिहीत नाही.

चार दिवसांनी मी त्याला आपल्याच मानसोपचार विभागात दाखवायला सांगितले. तो म्हणाला, “सिस्टर, तिथला निवासी डॉक्टर होस्टेलला माझ्याच मजल्यावर राहतो. सकाळी केसपेपर काढला की दुपारी मेसमध्ये सगळ्यांना कळेल. आणि तिथले सर रोज आमच्या सरांबरोबर चहा पितात.” यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढे मिळेल त्या सुटीला एसटीने दुसऱ्या गावी जाऊन तो एका खासगी डॉक्टरांना भेटू लागला आणि चार-पाच खेपांत सावरला. यथावकाश एम.डी.ही झाला. उपचार होते, ते घेण्याची त्याची तयारीही होती. फक्त ज्या आवारात तो रात्रंदिवस राबत होता, तेथे त्याला ते घेता येत नव्हते.

हा एकट्यादुकट्याचा प्रश्न असता तर मी आपली जागा अडवली नसती. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयीचा अहवाल २०२४ मध्ये दिला. त्यासाठी केलेल्या पाहणीत पाच हजारांहून अधिक पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी भाग घेतला आणि त्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांनी मनात आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचे नमूद केले. आठवड्याला ७४ तासांपेक्षा अधिक काम नसावे आणि एक दिवस सुटी असावी, अशी शिफारस या कृतिदलाने केली आहे. खरे तर केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग काम १२ तास आणि आठवड्याचे काम ४८ तास, असे सर्वसाधारण प्रमाण तेव्हाच लिहिलेले आहे. म्हणजे तीस वर्षांत कागदावरची मर्यादासुद्धा ४८ वरून ७४ पर्यंत चढली, आणि वॉर्डातल्या मंडळींना ७४ हासुद्धा विनोदच वाटेल.

“आम्हीही छत्तीस-छत्तीस तास उभे राहिलो, आम्हाला काही झाले नाही,” असे ज्येष्ठ डॉक्टर म्हणतात. त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण त्यांच्यापैकी काहींच्या त्या रात्रीही मी पाहिल्या आहेत, त्यामुळे ‘काही झाले नाही’ हे विधान मी जसेच्या तसे स्वीकारू शकत नाही.

आपल्या सोलापूरच्या सिव्हिलचा विचार येथे वेगळा करावा लागेल. या रुग्णालयात केवळ आपल्या जिल्ह्यातूनच नव्हे, तर धाराशिव, लातूर आणि सीमेपलीकडच्या कलबुर्गी, विजयपूर भागातूनही रुग्ण येतात. विदर्भातून किंवा परराज्यातून आलेला निवासी डॉक्टर रात्री एकटा असतो आणि समोरची आजी तेलुगूत किंवा कन्नडमध्ये कळ कुठे आहे ते सांगत असते. वॉर्डातल्या मामांना (वॉर्डबॉयना) किंवा शेजारच्या खाटेवरच्या बाईला दुभाषी करून निदान करावे लागते. त्यात उशीर झाला की नातेवाइकांचा आवाज चढतो, आणि तो चढलेला आवाज मात्र भाषा येत नसली तरी कळतो. हा ताण अभ्यासक्रमात नाही, त्यामुळे त्याची दखलही कुठे घेतली जात नाही.

केंद्र सरकारची टेलि-मानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास सुरू आहे. फोन करणाऱ्याने प्रत्यक्ष समोर येण्याची गरज नाही, हा तिचा मोठाच उपयोग आहे. होस्टेल, मेस आणि ड्यूटी रूम अशा सर्व ठिकाणी हा क्रमांक ठळक लावावा. पण तेवढ्याने भागणार नाही. ज्याला आठ-दहा भेटींची गरज आहे, त्याला नेहमी तोच समुपदेशक लागतो आणि एक बंद दार लागते. ते दार महाविद्यालयाच्या आवाराबाहेर, शहरात कोठेही असावे. तेथे बसणारी व्यक्ती त्या महाविद्यालयाच्या अध्यापकांपैकी किंवा परीक्षकांपैकी नसावी. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या स्थानिक शाखेने मनावर घेतले, तर शहरातील खासगी मानसोपचारतज्ज्ञांपैकी काही जण आठवड्यातून एक संध्याकाळ देतील, असे मला वाटते. प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाचे मानधन महाविद्यालयाने द्यावे. मात्र कोण आले, याची यादी मागू नये. फक्त भेटींची संख्या घ्यावी. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे आणि रुग्ण स्वतः डॉक्टर असला म्हणून तो हक्क कमी होत नाही.

राहिला वेळेचा प्रश्न, आणि माझ्या मते सारे तेथेच अडते. सकाळी दहा ते पाच उघडा असणारा कक्ष निवासी डॉक्टरांसाठी बंदच असतो, कारण त्या वेळेत ते ओपीडीत, वॉर्डात नाहीतर ऑपरेशन थिएटरमध्ये असतात. म्हणून प्रत्येक निवासी डॉक्टरला आठवड्यातून दोन तास कारण न विचारता मोकळे द्यावेत. त्या वेळात कोणी समुपदेशकाकडे जाईल, कोणी आईला फोन करील, कोणी नुसता झोपेल. सर्वांनाच ते तास मिळाले की कोण कोठे गेले, हे शोधता येणार नाही. ड्यूटीच्या तक्त्यात त्या दोन तासांची नोंद ‘कामावर’ अशीच व्हावी. ती ‘गैरहजर’ अशी झाली, तर पुढच्या आठवड्यात कोणीही वॉर्ड सोडणार नाही.

आपली,
एक निवृत्त परिसेविका, सोलापूर