पदे मोजण्याआधी राशीचे रूप सांगावे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

बैजिक राशीतील (अक्षरे आणि संख्या यांनी बनलेल्या मांडणीतील) पदे, म्हणजे तिचे सुटे भाग, ओळखणे हा बीजगणिताचा अगदी सुरुवातीचा भाग असल्याने तो बहुधा एका तासिकेत उरकला जातो, आणि त्याची किंमत मुलांना पुढे कित्येक वर्षे मोजावी लागते.

अलीकडेच एका विद्यार्थिनीने सरावपुस्तिकेतील एक प्रश्न माझ्यापुढे ठेवला: ‘५(अ + ब) − २अ या राशीत किती पदे आहेत?’ तिने दोन लिहिले होते. पुस्तिकेत उत्तर तीन छापलेले होते, म्हणून तिच्या वहीत लाल फुली पडली होती. वास्तविक तिचे काहीच चुकले नव्हते. बेरीज-वजाबाकीच्या चिन्हांनी पदे वेगळी होतात, गुणाकार-भागाकाराने ती जोडलेली राहतात, आणि संपूर्ण राशीची पदे मोजताना कंसाच्या आतले अधिक चिन्ह धरायचे नसते. त्यामुळे राशी आहे तशी पाहिली तर ५(अ + ब) हे एक पद आणि −२अ हे दुसरे. (दुसरे पद ‘वजा दोन अ’ आहे, नुसते ‘दोन अ’ नव्हे, चिन्ह पदाबरोबरच जाते.) कंस सोडवला की ५अ + ५ब − २अ अशी तीन पदे होतात आणि सजातीय, म्हणजे तेच अक्षर असलेली, पदे एकत्र केली की ३अ + ५ब ही पुन्हा दोनच उरतात. राशीची किंमत तिन्ही रूपांत तीच असते, पदसंख्या मात्र बदलते.

हा शब्दच्छल नव्हे. पद आणि अवयव (म्हणजे गुणाकारातला घटक) यांतला फरक ज्याच्या मनात ठसलेला नाही, तो विद्यार्थी (क्ष + ३)/क्ष या अपूर्णांकात वरचा आणि खालचा क्ष बेधडक काटतो आणि उत्तर ३ लिहितो. क्ष = ३ घेतल्यास खरी किंमत ६/३, म्हणजे २ येते. अंशातला क्ष हे तिथे एक पद आहे, संपूर्ण अंशाचा अवयव नाही, म्हणून तो काटता येत नाही. दहावीपर्यंत पोहोचलेल्या मुलांच्या वह्यांतही ही चूक मी सतत पाहतो, आणि दर वेळी तिचे मूळ त्या उरकलेल्या तासिकेत सापडते.

म्हणून प्रश्न काढणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की पदांची संख्या विचारताना ‘दिलेल्या रूपात’ किंवा ‘सरळरूप दिल्यानंतर’ यांपैकी एक शब्दप्रयोग प्रश्नातच घालावा, आणि तो नसेल तर कारणासह लिहिलेल्या दोन्ही उत्तरांना गुण द्यावेत.

कळावे.

आपला,
एक गणित शिक्षक