रविवारची हर्णै फेरी : शार्कचे दात शोधणाऱ्यांसाठी सूचना

रविवारी चतुर्थी आहे. तिथीची पाऊणपट म्हणजे ३, म्हणून भरती साधारण ३ वाजता आणि ओहोटी ९ च्या सुमारास. सकाळी ७ ला बंदराजवळ जमावे. पाणी उतरत असतानाच शोधायचे आहे, चढू लागले की परत.

आधीच सांगून ठेवतो: इथला खडक बेसाल्टचा, वर जांभा. शार्कच्या जीवाश्म दातांसाठी कच्छ गाठावे लागते. इथे फक्त नजर तयार करायची. पांढरा, धारदार दात सापडला तर तो बहुधा मासळी साफ करताना टाकलेल्या मुशीचा, म्हणजे आजच्या शार्कचा. जीवाश्म दात सहसा काळा, करडा किंवा तपकिरी असतो. पाते चकचकीत, मूळ मात्र खरबरीत आणि निस्तेज. काळ्या शिंपल्याचा तुकडाही चमकतो आणि सगळ्यांना फसवतो, पण तो वाकलेला असतो आणि त्याला मूळ नसते. शंका आली तर कडेला व्हिनेगरचा एक थेंब टाका: बुडबुडे आले तर शिंपला. दात बुडवून ठेवू नका, खराब होतो.

५ मिमी जाळीची चाळणी, रबरी तळाचे बूट, झाकणाच्या डब्या आणाव्यात. हातोडी नको. जिवंत शंख उचलू नयेत.