अर्ध्या तोळ्याची गोळी

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर चिऊने "आज्जी, मी या वर्षी हरणाच्या शिकारीला जाणार" म्हणून सांगितलं आणि तुमच्याकडून काही आवाजच आला नाही. मग आईने "जेवलात का गं" विचारलं आणि फोन बाबांकडे दिला. तेव्हापासून जिवाला चैन नाही. फोनवर हे सगळं बोलता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

बाबा, तुम्ही एवढंच म्हणालात, "बारा वर्षांच्या पोरीच्या हातात बंदूक?" गेले चार महिने आमच्याही घरात हाच विषय आहे. इथे अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या सणाच्या, आधीच्या शनिवारी बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम उघडतो. चिऊने उन्हाळ्यात शिकारीचा सुरक्षा-कोर्स केला, परीक्षा दिली, पास झाली. तरी या वयात तिला एकटीला जाता येत नाही, मोठं माणूस बरोबर लागतंच. तुमचे जावई तिच्या शेजारी बसणार आहेत, आणि मीही जाणार आहे.

आता एक गोष्ट सांगते, जी तुम्हाला आजवर सांगितली नव्हती. माझ्या डाव्या नाही, उजव्या भुवईवर जी खूण आहे, ती कपाटाचं दार लागून झालेली नाही. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी सासऱ्यांनी मोठ्या मायेने स्वतःची .३०-०६ ची रायफल माझ्या हातात दिली. १९०६ साली निघालेलं हे काडतूस, म्हणून नावात ०६. त्यांच्या घरात तीन पिढ्या तेच वापरतात. ते सहा फुटी, मी पाच फूट एक इंच. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारा भाग, मला लांब, म्हणून मान पुढे ताणून दुर्बिणीला डोळा लावला होता. बार निघाला, रायफल मागे आली आणि दुर्बिणीची कड भुवईत घुसली. खांदा आठ दिवस काळानिळा होता. त्याहून वाईट हे, की त्यानंतर चाप ओढायच्या आधीच माझे डोळे मिटायला लागले. धक्का येणार हे अंगाला कळलेलं असतं, मन कितीही घट्ट केलं तरी अंग ऐकत नाही.

तशाच अवस्थेत मी हंगामाला गेले. मादी होती, साठ पावलांवर आडवी उभी. माझा हात हलला आणि गोळी फुप्फुसाऐवजी पोटात लागली. बॅटरी घेऊन आम्ही मध्यरात्रीपर्यंत रक्ताचे थेंब शोधत फिरलो. पुढे पाऊस आला आणि माग पुसला गेला. ती सापडली नाही. आई, तू माळ घातलेली बाई आहेस, तू ज्याला पाप म्हणतेस ते मी त्या रात्री केलं. इतकी वर्षं झाली, अजून पाऊस सुरू झाला की मला ते आठवतं.

म्हणून चिऊने "मला यायचंय" म्हटल्यावर मी आधी नाहीच म्हणाले. दोन वर्षं नाही म्हणत राहिले. मग ठरवलं, जायचंच असेल तर तिच्या अंगाला पेलेल अशीच रायफल हातात द्यायची, त्यात कोणाचा मान राखायचा नाही. सासऱ्यांना वाईट वाटलं. .३०-०६ च्या खाली हरणासाठी काही नसतं असं ते मानतात. पण मी बधले नाही.

बाबा, तुम्हाला तुमच्याच भाषेत सांगते. इथे गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात, आणि तुमचा तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन. सासऱ्यांची गोळी १८० ग्रेनची, म्हणजे भरलेला एक तोळा. हे मला कळलं तेव्हा तुमच्या पेढीवरचा काटा डोळ्यांपुढे आला. आम्ही चिऊसाठी .२४३ विंचेस्टर घेतली. तिच्यात साधारण ८० ते १०० ग्रेनची गोळी बसते, आम्ही ८५ ची घेतली, अर्ध्या तोळ्याला थोडी कमीच. १९५५ साली ही निघाली ती .३०८ नावाच्या दुसऱ्या काडतुसाच्या पितळी पुंगळीचं तोंड आवळून. पुंगळी तीच, गोळी बारीक, म्हणून ती वेगाने आणि सरळ जाते. खांद्याला बसणारा धक्का .३०-०६ च्या जवळपास निम्मा.

याहून लहान .२२३ सुद्धा इथल्या कायद्यात बसते. पण ती मी नको म्हटलं. नेम जरा चुकला तर ते सांभाळून घेण्याइतकी ताकद तिच्यात नाही, आणि नवशिक्याचा नेम चुकतोच. दुसऱ्या टोकाला ७ एमएम-०८ होती, पाऊण तोळ्याच्या आसपासची गोळी, .२४३ आणि .३०-०६ यांच्या मधली. तुमच्या जावयांचा कल तिच्याकडे होता, आणि त्यांचं चूक नव्हतं. चिऊ दोन वर्षांनी मोठी असती तर मीही तीच घेतली असती. दुकानात दोन्ही तिच्या हातात देऊन पाहिल्या. एकीच्या वेळी ती खांदे ताठ करून उभी राहिली, दुसरीच्या वेळी सहज. मला तेवढं पुरलं.

दस्त्याचं मापही नीट घेतलं. हात काटकोनात दुमडून दस्ता कोपराच्या खळीत टेकवायचा आणि बोट चापापर्यंत आरामात पोचतं का बघायचं. तिच्या मापाचा साडेबारा इंचाचा मिळाला. रायफल फार हलकी घेऊ नका असं मी इथल्या दोन आयांना आवर्जून सांगितलं. पोराला उचलायला सोपं म्हणून हलकी घेतात, आणि हलकीच जास्त लाथ मारते.

गोळी तांब्याची आहे. शिसं आत गेल्यावर फुटतं, त्याचे कण मांसात लांबवर पसरतात आणि डोळ्याला दिसत नाहीत. तांबं फुटत नाही, चार पाकळ्या उमलाव्यात तसं उघडतं. वाळूत मारलेली एक गोळी चिऊने उकरून काढली आणि धुऊन देव्हाऱ्याशेजारी ठेवली आहे. बाबा, घडवलेल्या फुलासारखी दिसते ती.

जूनपासून ती .२२ या अगदी लहान काडतुसाच्या रायफलवर सराव करतेय, तिला धक्का जवळजवळ नसतोच. कानात बोळे, त्यावर मोठे कानझाक. आवाजानेही माणूस दचकायला शिकतं. तुमचे जावई मधूनच तिला न सांगता खोटं काडतूस भरतात. बार निघत नाही, आणि त्या क्षणी नळी हलली की नाही ते लगेच कळतं. ऑगस्टमध्ये हलायची. आता नाही हलत. शंभर यार्डांपलीकडे चाप ओढायचा नाही, हरीण आडवं उभं नसेल तर ओढायचा नाही, त्याच्या मागे काय आहे ते दिसत नसेल तर ओढायचा नाही. हे तिला तोंडपाठ आहे, पण मला ते तिच्या बोटात हवंय.

आई, तुझे वडील भातावर येणाऱ्या डुकरांसाठी ठासणीची बंदूक घेऊन माळ्यावर बसायचे, हे तूच सांगायचीस. बार काढून आले की आंघोळ केल्याशिवाय घरात शिवायचे नाहीत, आणि बंदुकीला दसऱ्याला फूल. तिकडे आता बंदी आहे आणि ती योग्यच आहे. इथे हरणं दहा लाखांच्या वर आहेत. रस्त्यावर गाड्यांखाली मरतात, त्यांच्यात एक असाध्य रोगही पसरलाय, इथे तो २००२ मध्ये पहिल्यांदा सापडला. आम्ही नमुना तपासायला देतो आणि निकाल येईपर्यंत मांस शिजवत नाही. तू ते खावंस असं मी कधी म्हणणार नाही. तू आलीस की तुझी भांडी वेगळी, हे चिऊलाही ठाऊक आहे.

पण तू तिच्याशी बोल. परवा ती मला विचारत होती, "आज्जी रागावली का?" मी काही उत्तर दिलं नाही, कारण मला खरंच माहीत नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी सातला, म्हणजे तुमच्या रविवारी सकाळी साडेसहाला फोन करते. हरीण मिळालं नाही तरी करते. बाबा, तोवर गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची,
ताई